दुसऱ्या भागातलं डुक्कर

फोन इथेच ठेवा. जातोय तिथे तो लागणार नाही, आणि कोणाला दिसलाच तर समजावत बसावं लागेल. अंगात जाड स्वेटर चढवा, खिशात थोडे डॉलर असू द्या. तारीख 25 नोव्हेंबर 1998, वार बुधवार, जागा न्यू जर्सीतल्या एडिसनजवळचा एक मॉल. उद्या थँक्सगिव्हिंग. घरोघरी पाहुणे उतरलेत, टर्की बर्फातून बाहेर काढलीय आणि पोरं सगळ्यांच्या पायात येतायत. अशा संध्याकाळी पोरांना सिनेमाला पिटाळायचं, हा तिथला जुना उपाय.

लॉबीत पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास कोंदलाय. समोर तीन पोस्टरं. एकावर मुंग्या: पिक्सारचा ‘अ बग्ज लाइफ’ आजपासून सगळीकडे लागलाय. दुसऱ्यावर लंगोटातली बाळं: ‘द रगरॅट्स मूव्ही’ गेल्या शुक्रवारी आला. तिसऱ्यावर गुलाबी डुक्कर: ‘बेब: पिग इन द सिटी’. पहिल्या दोन दारांसमोर रांगा आहेत. तुम्ही तिसऱ्या दाराकडे निघालात, तर तिकीट फाडणारा पोरगा तुमच्याकडे एकदा नीट बघून घेतो.

आत शिरण्याआधी एक गंमत. 1995 साली आलेल्या पहिल्या ‘बेब’मध्ये या डुकराला आवाज होता क्रिस्टीन कॅव्हेनॉ हिचा. या भागात तो ई. जी. डेली हिचा आहे. आणि ‘रगरॅट्स’मधल्या दोन मुख्य बाळांचे, चकी आणि टॉमी यांचे आवाज कोणाचे? याच दोघींचे. म्हणजे डुकराचे आजचे आणि कालचे दोन्ही गळे या क्षणी शेजारच्या हॉलमध्ये कामावर आहेत, आणि तो हॉल भरलाय.

आपल्या हॉलमध्ये हवी ती खुर्ची घ्या.

पहिला भाग तुम्ही पाहिला असेल. डिक किंग-स्मिथ या इंग्रज लेखकाच्या 1983 सालच्या पुस्तकावरून केलेला. होगेट नावाच्या अबोल शेतकऱ्याकडे जत्रेतून एक पिल्लू येतं, मेंढ्यांना न भुंकता, न चावता, अदबीनं विनंती करून हाकायला शिकतं आणि भल्याभल्या कुत्र्यांच्या स्पर्धेत पहिलं येतं. तीस दशलक्ष डॉलरांत झालेल्या त्या सिनेमानं जगभरात अडीचशे दशलक्षांच्या वर कमावले. ऑस्करची सात नामांकनं मिळाली, त्यातलं एक बक्षीस हाती आलं. मग दुसरा भाग येणारच. दुसऱ्या भागाकडून लोकांची अपेक्षा ठरलेली असते: तेच डुक्कर, तेच शेत, जमलं तर आणखी मोठी स्पर्धा.

दिवे मालवतात. विजयी डुक्कर गावी परततं, मिरवणूक निघते, बँड वाजतो. शेजारच्या रांगेतली मुलगी खुर्चीत पाय हलवत हसतेय. आणि मग होगेट विहिरीत पडतो.

नुसता पडत नाही. पंप दुरुस्त करायला तो खाली उतरलेला असताना मदतीच्या हौसेनं बेब मध्ये तडमडतो आणि त्याच्या पायी मालक जायबंदी होतो. ज्याच्यावर पोरांचा तीन वर्षांचा जीव, त्याच्याच हातून पहिल्या काही मिनिटांत हा घात. पाठोपाठ काळ्या सुटातली बँकेची माणसं येतात. कर्ज थकलंय, शेत जाणार. मुलीचे पाय थांबलेत बघा.

उपाय एकच: दूरच्या एका जत्रेत डुकराला मिरवण्याचे पैसे मिळणार आहेत, म्हणून होगेटबाई त्याला घेऊन विमानात बसतात. वाटेतल्या विमानतळावर अमली पदार्थ हुंगणारा एक कुत्रा बेबशी गप्पा मारता मारता आपली कला दाखवायला जातो आणि नसता इशारा देऊन बसतो. बाईंची अंगझडती होते, पुढचं विमान चुकतं. एका अनोळखी शहरात, जनावराला घेणारं हॉटेल शोधत, ही खेडवळ बाई आणि तिचं डुक्कर. इथवर हॉल शांत आहे, पण ती शांतता रंगलेल्या प्रेक्षकांची नाही. आया एकमेकींकडे बघतायत.

साधारण मध्यावर एक पिसाळल्यासारखा बुल टेरियर बेबच्या मागे लागतो. गल्लीबोळांतून, कालव्याकाठानं, पुलावरून. मग त्याच्या गळ्यातली साखळी अडकते आणि तो पुलाखाली उलटा लोंबतो, तोंड पाण्यात. धडपड मंद होत जाते. बाकीची सगळी जनावरं बघत उभी आहेत. कॅमेरा हलत नाही.

तुमच्या मागच्या रांगेतला बाप उठलाय. पोराला खांद्यावर टाकून तो बाहेर निघालाय, आणि पोरगं रडतंय. ते कुत्र्यासाठी रडतंय की अर्ध्यात उठवलं म्हणून, ते अंधारात कळत नाही. या सिनेमाला मिळालेलं प्रमाणपत्र ‘जी’, म्हणजे सगळ्या वयांसाठी खुला, हे पोस्टरच्या कोपऱ्यात छापलंय. बापानं तेवढंच वाचलं होतं.

तो अर्ध्या मिनिटानं उठला असता तर? बेब वळतो, पाण्यात उडी घेतो, एक होडकं ढकलत ढकलत त्या कुत्र्याच्या अंगाखाली आणतो आणि त्याला वाचवतो. पण बाप तोवर पार्किंगमध्ये पोचलाय. त्या पोरासाठी हा सिनेमा कायमचा तिथे थांबला: कुत्रा पाण्यात.

पुढचे आकडे भराभर उरकू, त्यात रेंगाळण्यासारखं काही नाही. खर्च नव्वद दशलक्ष डॉलर. अमेरिकेतली एकूण कमाई अठरा दशलक्षांच्या आसपास. सुट्टी संपता संपता, 30 नोव्हेंबरला, युनिव्हर्सल पिक्चर्सचे प्रमुख केसी सिल्व्हर पायउतार झाले. त्याच महिन्यात त्यांचा ‘मीट जो ब्लॅक’ही आपटला होता, त्यामुळे सगळं पाप डुकराच्या माथी मारणं बरं नव्हे. तरी बातमीत चेहरा डुकराचाच.

इतके पैसे गेले कुठे, हे बघायला एक आडवळण घेऊ. स्वेटर काढा. आपण 1997 सालात, सिडनीत, मूर पार्कला आहोत. ही जागा पूर्वी शेतकी प्रदर्शनाची. वर्षानुवर्षं ईस्टरला इथे गाई, मेंढ्या आणि डुकरं आणून त्यांना फिती बांधल्या जायच्या. त्या मैदानावर आता फॉक्सचा स्टुडिओ उभा राहतोय, आणि त्यात पुन्हा डुकरंच आलीत, हा योगायोग मला फार आवडतो.

आत एक अख्खं शहर उभं आहे. कालवे व्हेनिसचे. मागच्या पडद्यावर सिडनीचं ऑपेरा हाउस, त्याला खेटून न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता, पॅरिसचा आयफेल टॉवर, सॅन फ्रान्सिस्कोचा पूल, हॉलिवूडची पांढरी अक्षरं. खेड्यातून पहिल्यांदा आलेल्या माणसाला शहर म्हणजे ऐकलेल्या सगळ्या शहरांचं एकच गाठोडं वाटतं. ते गाठोडं इथे लाकूड, प्लास्टर आणि संगणकानं सोडून मांडलंय. कॅमेऱ्यामागे अँड्रू लेस्नी आहेत. काही वर्षांनी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी त्यांना ऑस्कर मिळेल, पण आत्ता ते एका डुकराच्या कानामागून प्रकाश कसा आणायचा याच्या विवंचनेत आहेत.

आणि तो चष्मेवाला दिग्दर्शक जॉर्ज मिलर. पहिल्या भागाचे निर्माते आणि सहलेखक तेच होते, दिग्दर्शन मात्र ख्रिस नूनन यांचं होतं. या वेळी मिलर स्वतः उतरलेत. शिक्षणानं डॉक्टर. तरुणपणी सिडनीच्या इस्पितळात अपघातात चेंदामेंदा झालेली माणसं पाहिली आणि त्यातून 1979 साली ‘मॅड मॅक्स’ काढला. ज्याच्या डोक्यात भरधाव गाड्या आणि लोखंडाचा खणखणाट आहे, त्याच्या हाती तुम्ही बालचित्रपट दिलात तर कुत्र्याचा पाठलाग कसा होणार? कालव्याकाठचा तो पाठलाग बघा. चाकं तेवढी काढलीत.

जनावरं बोलतात कशी, तेही बघून घ्या, कारण थोड्याच वेळात एक पोरगा तुम्हाला हेच विचारणार आहे. डुकराचं पिल्लू झपाट्यानं वाढतं, म्हणून एकच ‘नट’ शेवटपर्यंत पुरत नाही. पहिल्या भागात अठ्ठेचाळीस पिल्लं लागली होती. ती सगळी सारखी दिसावीत म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर केसांचा छोटा टोप. जिवंत पिल्लू जे करणार नाही, ते यांत्रिक बाहुलं करतं. आणि ओठ हलवायचे ते नंतर, संगणकावर. हे काम करणाऱ्यांत लॉस एंजेलिसची ‘ऱ्हिदम अँड ह्यूज’ ही कंपनी होती. पुढे या कंपनीनं मुंबईत आणि हैदराबादेत शाखा काढल्या. 2012 च्या ‘लाइफ ऑफ पाय’मधल्या वाघाच्या कामात या शाखांतल्या पोरापोरींचे हात आहेत. त्या वाघाला फेब्रुवारी 2013 मध्ये ऑस्कर मिळालं, आणि त्याच महिन्यात कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. जनावरांना माणसासारखं बोलायला लावण्याच्या धंद्यात पैसा टिकत नसावा.

चला. आता ज्यासाठी आलो तिथे.

1999 चा उन्हाळा, शुक्रवार, संध्याकाळचे सात, पुन्हा एडिसन. या वेळी तुम्ही पाहुणे आहात. दादा-वहिनी दोन वर्षांपूर्वी इथे आले. दादाचं काम वायटूकेचं: जुन्या प्रोग्रॅममध्ये सालाचे दोनच आकडे ठेवलेत, 2000 उजाडलं की संगणक त्याला 1900 समजतील, म्हणून ओळीन् ओळ तपासत बसायचं. असे मराठी इंजिनिअर या गावात बिल्डिंगमागे दोन-तीन सापडतील. घरात दोन मुलं: मोठा दहाचा, धाकटी सहाची. आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून आलेल्या आजी. कार्पेटवर अनवाणी चालताना त्या अजूनही पाय जरा उचलूनच टाकतात.

मुलं तुम्हाला ओढत गाडीत कोंबतात. व्हिडिओचं दुकान.

दार ढकललंत की गार हवा आणि प्लास्टिकचा वास. निळी-पिवळी पाटी, निळे-पिवळे शर्ट घातलेली कॉलेजची पोरं. दुकानाची रचना समजून घ्या, म्हणजे लोक असे गोल गोल का फिरतायत ते कळेल. कडेच्या भिंतींवर सगळी नवी चित्रं, एकेका नावाच्या पंधरा-पंधरा, वीस-वीस कॅसेटी. मधल्या फळ्यांवर जुनी: विनोदी, मारधाड, लहान मुलांची. शुक्रवारी सगळे भिंतीकडून सुरुवात करतात. सातच्या सुमाराला मागणी असलेल्या नावांमागच्या कॅसेटी संपलेल्या असतात, पुढे रिकामी खोकी तेवढी उरतात. मग लोक हळूहळू मधल्या फळ्यांकडे सरकतात. निराशेतून लागलेल्या शोधांची ही जागा आहे.

या भिंतीवर एकाच सिनेमाच्या इतक्या कॅसेटी आल्या कशा? पूर्वी दुकानदाराला एकेक कॅसेट साठ-पासष्ट डॉलरना विकत घ्यावी लागे, म्हणून तो मोजक्याच घ्यायचा. 1998 च्या सुमाराला ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांच्या साखळीनं स्टुडिओंशी नवा व्यवहार ठरवला. कॅसेट जवळपास फुकटात द्या, भाड्यातला वाटा घ्या. त्यामुळे भिंती भरल्या. थिएटरात आपटलेल्या सिनेमालाही त्या भिंतीवर जागा मिळाली, खोक्याच्या पुठ्ठ्यावर नव्यानं हसण्याची संधी मिळाली.

ते बघा. खोक्यावर गुलाबी डुक्कर, मागे दिवे लागलेलं शहर. कालव्याचा, साखळीचा मागमूस नाही. धाकटीनं उचललं. मोठ्याला ‘गॉडझिला’ हवा होता, त्याची सगळी खोकी रिकामी. वहिनी खोकं उलटून मागचं वाचतात, ‘जी’ बघतात आणि मान डोलावतात. नोव्हेंबरातल्या त्या बापानंही हेच केलं होतं. फरक इतकाच, की त्या वेळी चार तिकिटं, पॉपकॉर्न आणि पार्किंग धरून चाळीसेक डॉलरचा खेळ होता. आज साडेतीन डॉलर, आणि नाही आवडला तर बंद करू.

हे “नाही आवडला तर बंद करू” नीट ऐकून ठेवा. वहिनी ते गाडीची किल्ली शोधता शोधता सहज बोलून गेल्यात.

घर. व्हीसीआरवर बारा वाजून शून्य मिनिटं लुकलुकतायत. घड्याळ लावायचं कसं ते दादाला येत नाही, आणि हा माणूस दिवसभर घड्याळंच दुरुस्त करतो. कॅसेट आत ढकलली की यंत्र ती ओढून घेतं, आतून एक घरघर आणि खट्. आदल्या गिऱ्हाइकानं रिवाइंड केलेलं नाही, खोक्यावर विनंतीचा स्टिकर असूनही. थांबा दोन मिनिटं.

मग एफबीआयचा इशारा: नक्कल केलीत तर तुरुंग. आजी विचारतात, “पोलिसांचं काय लिहिलंय?” दादा म्हणतो, “काही नाही गं, नेहमीचं असतं.” पुढे आणखी एक पाटी येते. हा सिनेमा तुमच्या पडद्यात बसावा म्हणून मूळ रूपापासून बदललेला आहे. कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा, कारण तक्रार करण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे. थिएटरातली चौकट रुंद होती, दूरदर्शनचा संच जवळपास चौकोनी. सिडनीत उभारलेल्या त्या शहराच्या कडा या खोलीत पोचलेल्याच नाहीत. लाल रंग ओघळतो, अंधारातले बारकावे करड्या चिखलात जातात. लेस्नी यांनी हे पाहिलं असतं तर डोळे मिटून घेतले असते. घरच्या पडद्यावर हा सिनेमा जगला असं मी म्हणणार आहे, पण अंगावरचे कपडे फाटून जगला.

“डुक्कर?” आजी. “तिन्हीसांजेला दुसरं काही मिळालं नाही का?”

“आजी, ही इज सो क्यूट!” धाकटी.

आजींनी डुक्कर पाहिलंय ते साताऱ्यात उकिरड्यावर, चिखलात लडबडलेलं. दारात आलं तर हाकलायचं. हे धुतलेलं गुलाबी पिल्लू त्यांना त्या जातीचं वाटतच नाही. थोडा वेळ त्या जपमाळ घेऊन बसतात. होगेट विहिरीत पडतो तेव्हा माळ थांबते.

“अगं बाई. आणि तो बँकेवाला आला पण?”

ही गोष्ट त्यांना कोणी समजावून सांगावी लागत नाही. विहीर, पंप, घरधनी अंथरुणाला खिळलेला, कर्जाची नोटीस, आणि बाईमाणूस पदर खोचून बाहेर पडलेलं. एडिसनमधल्या त्या थिएटरात ज्या दहा मिनिटांनी आया अस्वस्थ झाल्या, त्याच दहा मिनिटांनी साताऱ्याच्या आजी सोफ्यावर पुढे सरकून बसल्यात. होगेटबाईंचं काम करणारी मॅग्डा शुबान्स्की ही ऑस्ट्रेलियन नटी तेव्हा चाळिशीचीही नव्हती. आजी तिला आपल्या वयाची समजून चालतात आणि विमानतळावरच्या झडतीनं मनापासून संतापतात.

मग ते हॉटेल येतं. शहरात जनावरांना मनाई, पण एक लांब नाकाची मालकीणबाई त्यांना चोरून ठेवून घेते. एका मजल्यावर मांजरं एका सुरात गातायत, दुसरीकडे कुत्री. वर एका म्हाताऱ्या विदूषकाबरोबर राहणारी चिंपांझींची जोडी आणि नोकराचा गणवेश घातलेला एक ओरांगउटान, थेलोनियस. विदूषक झालेत मिकी रूनी. ते जवळपास बोलतच नाहीत. बोलायचं काम जनावरांकडे दिलंय.

“धर्मशाळा आहे ही,” आजी म्हणतात आणि माळ खाली ठेवतात.

मोठा विचारतो, ओठ कसे हलतात? तुम्हाला माहीत आहे. पण आत्ता सांगू नका, पाठलाग सुरू होतोय.

साखळी अडकते. कुत्रा उलटा. तोंड पाण्यात.

धाकटी किंचाळते आणि वहिनी रिमोट उचलतात. पॉझ. पडद्यावर कुत्रा थिजलाय आणि त्याच्यावरून करड्या रेषांचा एक पट्टा थरथरत फिरतोय. खोलीतला दिवा लावला जातो. फ्रीजमधून दूध येतं. धाकटी आजींच्या मांडीत. “मरणार का तो?” “नाही गं.” “यू प्रॉमिस?” आजींनी सिनेमा पाहिलेला नाही, तरी त्या शपथ घेतात.

नोव्हेंबरातल्या बापाकडे हे बटण नव्हतं. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: अंधारात बसून राहायचं किंवा उठून जायचं. इथे तिसरी आहे. भीती थांबवून ठेवता येते, दूध पिता येतं, आणि पोरगी तयार झाली की पुढे सोडता येते. ती तयार व्हायला चार मिनिटं लागतात.

प्ले. बेब उडी मारतो, होडकं ढकलतो, कुत्रा धापा टाकत वर येतो. आपल्या गळ्यातला खिळ्यांचा पट्टा तो बेबच्या गळ्यात घालतो आणि जाहीर करतो, इथून पुढे याचं ऐकायचं. बेब रस्त्यावरची सगळी उपाशी जनावरं हॉटेलात घेतो. बरणीतल्या गोळ्या सगळ्यांना वाटल्या जातात.

“नामदेवांचं कुत्रं भाकरी घेऊन पळालं,” आजी सांगू लागतात, “तर देव तुपाची वाटी घेऊन मागे धावले नामदेवांना...” मग स्वतःच अडखळतात. “नाही, नामदेव धावले. इथे उलटं आहे. कुत्रं खायला धावलं आणि याने त्यालाच वाचवलं.” त्या क्षणभर विचार करतात. “हे अवघड आहे त्याहून.”

उरलेला सिनेमा मी सगळा सांगत नाही. जनावरं पकडणाऱ्यांची रात्रीची धाड येते, आणि मागचे पाय चाकांच्या गाड्यावर बांधलेला फ्लीलिक नावाचा छोटा कुत्रा त्यांच्या ट्रकला दातांनी लटकून फरफटत जातो. तो फेकला जातो तेव्हा घटकाभर त्याला हिरवं कुरण दिसतं, त्यात तो चारी पायांनी धावतोय. इथे वहिनींचा हात पुन्हा रिमोटवर जातो, पण धाकटी म्हणते, “नको.” पुढे सुटकेची घाई असताना थेलोनियस अंगावर कपडे चढवल्याशिवाय जागचा हलत नाही. मोठा त्याच्यावर खदाखदा हसतो. आजी हसत नाहीत. नातवाच्या शाळेच्या कार्यक्रमाला नऊवारी बदलून पंजाबी ड्रेस घाला, असं गेल्या आठवड्यात त्यांना कोणीतरी सुचवलं होतं.

शेवटी शेत वाचतं, सगळं लटांबर तिथे राहायला येतं, पंप सुरू होतो आणि होगेट आपल्या डुकराला पहिल्या भागातलीच दोन शब्दांची शाबासकी देतो. शीर्षकं. दादा सोफ्यावर झोपलाय.

“पुन्हा,” धाकटी म्हणते.

शनिवारी सकाळी दूध-सीरिअल खाता खाता दुसऱ्यांदा. दुपारी, शेजारच्या तेलुगू मैत्रिणीला बोलावून, तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी साखळी अडकते तेव्हा धाकटी मैत्रिणीचा हात धरते आणि ऐटीत सांगते, काही होत नाही, थांब. थिएटरात सिनेमा एकदाच भेटतो, आणि हा सिनेमा पहिल्या भेटीत चावणारा आहे. कॅसेटनं मुलांना दुसरी, तिसरी, दहावी भेट दिली. तो इतका क्रूर कशाला केला, अशी तक्रार तेव्हा पुष्कळांनी केली, आणि ती अगदीच खोटी नाही. नाताळच्या तोंडावर सहा वर्षांच्या पोरांना हा सिनेमा सावध न करता दाखवणं हा शुद्ध आगाऊपणा होता. पण पहिल्याच भागाची साखर पुन्हा विरघळवून दिली असती, तर तिसऱ्या वेळी बघायला त्यात उरलं काय असतं?

हे आधी ओळखणारी माणसं होती, फार थोडी. शिकागोचे समीक्षक रॉजर इबर्ट यांनी चारपैकी चार तारे दिले. त्यांचे समीक्षेतले जोडीदार जीन सिस्कल यांनी तर 1998 सालचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून हाच निवडला. त्या वर्षी ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ होता, ‘शेक्सपिअर इन लव्ह’ होता. त्यांनी डुकराला पहिला नंबर दिला. त्यांना मेंदूचा ट्यूमर होता, शस्त्रक्रिया होऊन गेली होती. वर्षातल्या उत्तम चित्रपटांची ती त्यांची शेवटची यादी ठरली. 20 फेब्रुवारी 1999 ला ते गेले. तुम्ही ज्या उन्हाळ्यात या सोफ्यावर बसलाय, तोवर त्यांना जाऊन काही महिने झालेत.

रविवारी कॅसेट परत. दुकानाच्या भिंतीतल्या फटीत टाकायची, आत धप्पकन पडते. उशीर झाला तर दंड. धाकटी फटीत हात घालून बघते.

तिला नाराज राहू देऊ नका, दोन महिने पुढे चला. भाड्याचा भर ओसरला की दुकानं जास्तीच्या कॅसेटी काढून टाकतात. काउंटरजवळच्या पेटीत त्या ढिगानं पडतात, ‘आधी पाहिलेल्या’ अशी चिठ्ठी लावून, पाच-सहा डॉलरना एक. आजींचा व्हिसा संपत आलाय. साताऱ्यातल्या दुसऱ्या नातवंडांसाठी चॉकलेटं, शँपू, टॉवेल असं जमतंय, त्यात धाकटी आपल्या पैशांनी घेतलेलं डुक्कर घालते.

आता साताऱ्यात उतरा, दिवाळीच्या सुट्टीत. धाकट्या काकांच्या घरी व्हीसीआर आहे. कॅसेट आत जाते, खट् होतं आणि पडद्यावर रंग उडालेलं चित्र वरून खाली सरकत राहतं, थांबतच नाही. अमेरिकेची कॅसेट एनटीएससी, आपली यंत्रं पाल. दोन्हीकडच्या रेघांची संख्या वेगळी, रंगाची भाषा वेगळी. काका ट्रॅकिंगचं बटण फिरवत बसतात, त्याने काही होत नाही. शेवटी कोणाला तरी आठवतं, पलीकडच्या गल्लीतले ते मस्कतला होते, त्यांच्याकडे मल्टिसिस्टिम आहे. संध्याकाळी चपला काढून पंधरा-वीस पोरं त्यांच्या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसतात. घरच्या काकू “पाय पुसून या रे” म्हणेपर्यंत निम्मी आत.

इंग्रजी कोणाला फारसं कळत नाही. बोलणारी जनावरं बोलतायत, पण काय ते समजेना. मग आजींना खुर्ची देऊन टीव्हीशेजारी बसवतात, आणि त्या सुरू करतात. त्यांनाही इंग्रजी येत नाही. पण त्यांनी हा सिनेमा एडिसनमध्ये इतक्यांदा ऐकलाय, की कोण कोणाला काय म्हणत असणार हे त्यांनी ठरवून टाकलंय. बेब आता कुत्र्यांना “अहो” म्हणतो. बदक सातारी तिखट बोलतं. बँकेवाल्यांच्या तोंडी सोसायटीच्या सेक्रेटरीची वाक्यं येतात आणि मस्कतवाले काका जोरात हसतात. होगेटबाई विमानतळावर तपासणीसांना जे सुनावतात, ते सिनेमात मुळीच नाही.

पुलापाशी येताच एक बारकं पोरगं उठून दाराकडे निघतं. आजी पडद्यावरची नजर न काढता त्याची चड्डी मागून धरतात.

“बस खाली. जातोस कुठं? आत्ता तर तो उडी मारणार आहे.”